इतर परिस्थिती कायम असता

माणसाने कॉमर्स शिकावं, पण शिकलो आहे हे गावात कळू देऊ नये. मराठी घेऊन बी.ए. झालेल्याला रस्त्यात गाठून 'एक कविता म्हणा बुवा' असं कोणी म्हणत नाही. बी.एस्सी.वाल्याला फार तर मिक्सर दुरुस्त करायला बोलावतात. पण बी.कॉम. आणि वर बँकेत कारकून, असा दुहेरी योग जुळून आलेला इसम सायखेड्याच्या रस्त्याने निघाला, की भाजीची पिशवी घरी पोचेपर्यंत त्याला किमान तीनदा एकच प्रश्न विचारला जातो : "भाऊसाहेब, कांद्याचं काय होईल?"

हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. त्याच्या पोटात पोटप्रश्न असतात. दिल्लीत नवा नियम निघाला म्हणतात, तर भाव पडतील का? किती पडतील? पडले तर परत कधी उठतील? आणि मुख्य म्हणजे चाळीतला माल आज काढू, का दिवाळीला? विचारणाऱ्याची समजूत अशी, की अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला हे सगळं तोंडपाठ असतं आणि केवळ नोकरीच्या शिस्तीमुळे तो बोलत नाही.

मी ती समजूत मोडत नाही. चेहरा शक्य तेवढा गंभीर करतो आणि म्हणतो, "इतर परिस्थिती कायम राहिली, तर भाव उतरायला हवेत."

हे वाक्य म्हणजे कॉलेजने मला दिलेली एकमेव स्थावर मालमत्ता आहे. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला प्रत्येक सिद्धांत ह्याच शब्दांनी सुरू व्हायचा. इतर परिस्थिती कायम असता किंमत वाढली की मागणी घटते. इतर परिस्थिती कायम असता पुरवठा वाढला की किंमत उतरते. आमचे प्राध्यापक बजावायचे, "बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल, पण हे लिहायला विसरू नका." वकील नोटिशीत 'माझ्या अशिलाच्या सांगण्यावरून' असं लिहितो ना, त्यातलाच हा प्रकार. पुढे काहीही झालं तरी लिहिणारा नामानिराळा.

आता सायखेड्यात कायम काय आहे, ते सांगतो. गोदावरी कायम आहे, पण तिचं पाणी कायम नाही. पावसाळ्यात वर नाशकाकडच्या धरणांतून पाणी सुटलं, की आमचं आणि पलीकडच्या चांदोरीचं नातं पुलाच्या दोन टोकांना उभं राहून एकमेकांकडे बघण्यापुरतं उरतं. बाजार कायम आहे. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीचा उपबाजार आहे तो. पण तिथला भाव एका ट्रॅक्टरला एक आणि त्याच्या मागच्या ट्रॅक्टरला दुसरा. जवळच नांदूरमध्यमेश्वरला दर हिवाळ्यात पक्षी येतात. त्या पाणथळीला २०२० साली रामसर यादीतही जागा मिळाली. हे पक्षी कुठल्या कुठल्या देशांच्या हद्दी ओलांडून येतात आणि जातात. त्यांच्यावर ना निर्यातशुल्क, ना बंदी. आमच्या कांद्याला पंख नाहीत, एवढाच काय तो त्याचा गुन्हा.

ज्यांचा कांद्याशी संबंध फक्त पोह्यांपुरता आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्याकडे कांदा तीन वेळा येतो. पावसाळी, रांगडा आणि उन्हाळ. पहिले दोन फार टिकत नाहीत. आले की विकावे लागतात. उन्हाळ कांदा मार्च ते मे निघतो आणि चाळीत जाऊन बसतो. पावसाळ्यात सगळ्या देशाने जो कांदा खायचा, तो हा. पण बसला म्हणजे जसाच्या तसा बसत नाही. वजन घटतं, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. चाळ म्हणजे एक प्रकारची मुदत ठेवच. फरक एवढाच, की हिचं व्याज उणे असतं आणि मुदत कधी संपणार हे ठेवीदाराला सांगत नाहीत.

म्हणून तर नियमाचा परिणाम काय होईल, हा प्रश्न आमच्याकडे परीक्षेतला नसतो. तो हप्त्याचा असतो, फीचा असतो, लग्नाच्या तिथीचा असतो.

आता हा परिणाम मोजतात कसा? ह्याचा नमुना म्हणून २०१६ सालाइतकं सुरेख साल मला दुसरं आढळलेलं नाही.

त्या वर्षी जुलैत राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याच्या बाजाराचा नियम बदलला. तोवर अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. ती खरेदीदाराने द्यावी, असं ठरलं. हेतू सरळ होता. गणितही सरळ होतं. शेतकऱ्याच्या खिशातून जाणारे पैसे जायचे थांबले, म्हणजे तेवढे खिशात राहिले. चौथीतल्या पोरानेही हेच उत्तर काढलं असतं. पण चौथीच्या पुस्तकातला व्यापारी हा फार निमूट प्राणी असतो. तो अमुक रुपयांना माल घेतो, तमुक रुपयांना विकतो आणि 'तर त्यास नफा झाला की तोटा?' एवढं विचारून गप्प बसतो. जिवंत व्यापारी गप्प बसला नाही. लिलाव बंद पडले. पुढे सुरू व्हायची वेळ आली तेव्हा व्यापारी म्हणाले, आता ट्रॅक्टरमध्ये मोकळा कांदा नको, गोणीत भरून आणा. गोणी कोणाची? शेतकऱ्याची. सुतळी कोणाची? शेतकऱ्याची. भरायची मजुरी? तीही त्याचीच. अडत पुढच्या दाराने गेली आणि गोणीत बसून मागच्या दाराने आली.

आता इतर परिस्थिती पाहा. त्या वर्षी पीक उदंड. लिलाव बंद होते तेवढे दिवस चाळीत कांदा घाम गाळत बसलेला. ऑगस्टच्या सुरुवातीला गोदावरी स्वतः गावात येऊन चौकशी करून गेली. आणि त्याच ऑगस्टमध्ये आमच्या सायखेड्याच्या उपबाजाराचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. एका शेतकऱ्याने १३ क्विंटल कांदा आणला होता. त्याला भाव मिळत होता ५ रुपये. किलोला नव्हे, क्विंटलला. तेरा पंचे पासष्ट. माल आणायचं गाडीभाडं ७८० रुपये. त्याने कांदा दिला नाही. परत नेला आणि शेतात टाकला.

क्विंटलला ५ रुपये म्हणजे किलोला ५ पैसे. आता बँकेतला माणूस म्हणून मी एक गोष्ट सांगू शकतो. २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून बाद झाली होती. म्हणजे सायखेड्याच्या बाजारात त्या दिवशी किलोभर कांदा सुटा विकत घ्यायचा म्हटला, तर त्यासाठी देशात कायदेशीर नाणंच नव्हतं. कांदा दहा किलोंच्या खाली घेताच येत नव्हता, आणि घेतला असता तरी पन्नास पैशांचं नाणं बघून दुकानदार आपल्याकडे ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने कांद्यानेही बघितलं असतं.

हसू येतं, पण मग प्रश्न उरतो. ह्या ६५ रुपयांत अडतीच्या नियमाचा वाटा किती? बंद लिलावांचा किती? गोणीचा किती? उदंड पिकाचा किती, चाळीतल्या घामाचा किती? नियम झालाच नसता तर त्या माणसाला काय मिळालं असतं? ६५ च्या जागी ६५० का ६,५००? जमाखर्चात जे घडलं त्याची नोंद होते. जे घडलंच नाही त्याचा भाव कुठल्या वहीत बघायचा?

हा प्रश्न मला सुचला म्हणून तुम्हाला वाटेल, मनुष्य विचारी दिसतो. तसं काही नाही. तो मला वरून आला. त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीला वरच्या ऑफिसातून एक तक्ता आला. डावीकडे थकलेल्या पीककर्जाची रक्कम, उजवीकडे एक रकाना : 'थकबाकीचे कारण', आणि कंसात बारीक अक्षरांत 'एकच लिहावे'.

आमचे तेव्हाचे साहेब मूळचे कोकणातले. कांदा हा जिन्नस त्यांनी सायखेड्याला येईपर्यंत फक्त कापलेल्या अवस्थेत पाहिलेला. पण मनुष्य प्रामाणिक. त्यांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"बोला, एकच कारण."

कृषी अधिकारी म्हणाले, "अतिरिक्त उत्पादन."

कॅशियर म्हणाला, "नोटाबंदी, साहेब. ८ नोव्हेंबरनंतर बाजारात रोख पैसाच राहिला नाही." नोटाबंदीबद्दल बोलताना त्याचा आवाज अजून चिरतो. तिचे आर्थिक परिणाम काय झाले, ह्यावर मी मात्र मत देऊ शकत नाही. परिणाम मोजायला सवड कोणाला होती? मी नोटा मोजत होतो.

"अडतीचा नियम," मी म्हणालो.

चहाचे कप उचलायला आलेला शिपाई दारातच थांबला. म्हणाला, "गोदामाई."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद पसरला. तक्त्याच्या तळाशी कारणांची एक छापील यादी होती आणि तिच्यातलं शेवटचं कारण होतं, 'इतर'. साहेबांनी सगळी थकबाकी 'इतर'मध्ये टाकली आणि सही ठोकली. पुढे कळलं की तालुक्यातल्या आणखी काही शाखांनीही हेच केलं होतं. वर कुठेतरी कोणीतरी तो अहवाल वाचून 'इतर'विरुद्ध कडक उपाययोजना करायच्या विचारात पडला असेल.

बरं, नियम झाल्यावर भाव उतरलेच, तर निदान 'नियमामुळे उतरले' असं ठोकून तरी देता येतं. पण कधी कधी चढतात. २०१९ च्या २९ सप्टेंबरला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा घातली : घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल, किरकोळ दुकानदाराला १००. हेतू, शहरात कांदा स्वस्त व्हावा. पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला, शेतातला लाल कांदा शेतातच कुजला आणि डिसेंबरात शहरांत कांद्याने शंभरी ओलांडली.

त्या डिसेंबरात डोंबिवलीहून माझ्या मेहुणीचा फोन आला. "भावजी, तुम्ही काय बाई, कांद्याच्या राशीवर बसलेले! इथे आम्ही कांदेपोहे नुसते पोहे म्हणून खातोय." मी म्हणालो, "सरकारने निर्यात बंद केली आहे ना तुमच्यासाठी." ती म्हणाली, "मग काय उपयोग झाला?"

आता ह्याचं उत्तर द्या! उपयोग झाला नाही म्हणावं, तर बंदी नसती तर कांदा दीडशेवर गेला नसता कशावरून? झाला म्हणावं, तर शंभरचा कांदा हातात धरून मेहुणी उभी आहे. तिला 'दीडशे झाला असता तो शंभरच झाला' म्हणून पेढे वाटायला सांगायचं? आणि त्याच वेळी आमच्याकडे ज्याचं पीक पावसातून वाचलं, तो म्हणत होता, 'बंदी नसती तर मला आणखी मिळाले असते.' दोघांचंही खरं. एकाच नियमाचे दोन परिणाम, एक डोंबिवलीच्या ताटात आणि एक निफाड तालुक्याच्या पट्टीत; आणि दोन्हींची बेरीज करायला मधे माझ्यासारखा एक माणूस, जो एका बाजूने मेहुणा आणि दुसऱ्या बाजूने वसुली विभाग.

सरकारनेही मग बाहेरून कांदा मागवला. तुर्कस्तानचा, इजिप्तचा. तो बोटीने डुलत डुलत येईपर्यंत इथला नवा कांदा बाजारात आला, भाव उतरू लागले आणि राज्यांना तो पाहुणा नकोसा झाला. ऐन जेवणाच्या वेळी बोलावलेला पाहुणा पंगत उठल्यावर पोचावा, तशातली गत. शिवाय त्याचा आकार केवढा! आमच्या कॉलनीतल्या वहिनी म्हणाल्या, "एवढा मोठा आणि डोळ्यांत पाणी नाही. ह्याला कांदा का म्हणायचं?" त्यांना कोणी सांगावं की पाण्याची जबाबदारी त्या वर्षी आमच्याकडच्या शेतकऱ्याने उचलली होती.

ह्या बंदीचा आणखी एक परिणाम कोणाच्याच तक्त्यात नव्हता. तो ढाक्याला झाला. बांगला देश हे आमच्या कांद्याचं मोठं गिऱ्हाईक. बंदीनंतर चारच दिवसांत तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या होत्या. त्यांनी हसत हसत सांगितलं, की मी माझ्या आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलं आहे. पुढच्या वेळी जरा आधी कळवलंत तर बरं. सगळे हसले. पुढच्या वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, पुन्हा बंदी आली. आधी न कळवता. कांद्याचे ट्रक सीमेवर अडकले. गिऱ्हाईक एकदा हसतं, दुसऱ्यांदा दुसरं दुकान बघतं. तिसऱ्या वेळेला तर घरामागे स्वतःच वाफे करतं. बांगला देशाने हे सगळं केलं. आता ह्या तुटलेल्या गिऱ्हाइकीची किंमत कुठल्या वर्षाच्या खात्यात धरायची? बंदी पाच-साडेपाच महिन्यांची, आणि गिऱ्हाईक गेलं ते किती वर्षांसाठी?

त्या २०२० सालाची तर मजाच आहे. ५ जूनला वटहुकूम निघाला, की कांदा-बटाट्यावर ह्यापुढे साठ्याची मर्यादा नाही. अगदीच असाधारण परिस्थिती आली, भाव दुप्पट झाला, तरच. पारावर लोकांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. त्यानंतर बरोबर १०१ दिवसांनी निर्यातबंदी. आपल्याकडे १०१ हा आहेराचा आकडा आहे. पाकीट उघडल्यावर आत हे निघालं. वटहुकूम साठ्याचा आणि बंदी निर्यातीची, दोन्हींचा कायदा वेगळा, खातं वेगळं, हे खरं आहे. पण कांदा एकच होता ना! ऑक्टोबरात साठ्याची मर्यादाही परत आली : घाऊकला २५ टन, किरकोळला २.

शेजारचे एक बागाईतदार मला म्हणाले, "भाऊसाहेब, एक खातं चाळ बांधायला अनुदान देऊ राहिलं, म्हणतं कांदा साठवा. दुसरं खातं म्हणतं साठवू नका. मी नेमकं कोणाचं ऐकू?"

मी म्हणालो, "अहो, मर्यादा व्यापाऱ्याला आहे, तुम्हाला नाही."

"आसं का?" ते म्हणाले. "मंग व्यापाऱ्याचं गोदाम भरल्यावर तो माझ्या ट्रॅक्टरकडं कशापायी बघंल?"

मी लेजर उघडून त्यात तोंड घातलं. अशा वेळी लेजरसारखा आडोसा नाही.

तुम्हाला वाटेल, हे सगळं सायखेड्याचंच दुखणं असेल. मोठ्या देशांत शास्त्रशुद्ध काम चालत असेल. चालतं. अमेरिकेत १९८१ पासून सरकारी खात्याला मोठा नियम करण्याआधी त्याच्या खर्चाचा आणि फायद्याचा हिशेब मांडून दाखवावा लागतो. आमच्याकडेही तसं करा, असं म्हणायला सोपं आहे. पण कांद्याच्या बाबतीत एक गोम आहे. पुढच्या महिन्यात निर्यात बंद करायची आहे, तरी संबंधितांनी परिणामांबद्दल आपले अंदाज कळवावेत, असं सरकारने जाहीर केलं, की महिन्याभरात देशातला सगळा कांदा बोटीत बसेल. म्हणून हुकूम एकाएकी येतो, आणि आल्या घडीपासून लागू असतो. म्हणजे ज्या नियमाचा अंदाज आधी मागवला तर नियमच वाया जातो, असा हा नियम. लग्नाची बोलणी नवरदेवाला न कळवता करण्यासारखं हे आहे; आणि नवरदेव ट्रकमध्ये बसून जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोचलेला असतो.

शिवाय त्याच अमेरिकेत रॉबर्ट लुकास नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली सांगून ठेवलं आहे, की मागच्या आकड्यांवरून नव्या धोरणाचा परिणाम काढू नका. का? तर धोरण बदललं की माणसं आपली वागणूक बदलतात, आणि मग मागचे आकडे मागच्याच माणसांचे राहतात. ह्यासाठी आणि अशाच कामासाठी त्यांना १९९५ चं नोबेल मिळालं. पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्यांच्या पत्नीने घटस्फोटाच्या वेळी करारात एक कलम घालून घेतलं होतं : ३१ ऑक्टोबर १९९५ च्या आत ह्यांना नोबेल मिळालं, तर अर्धी रक्कम माझी. नोबेल जाहीर झालं १० ऑक्टोबर १९९५ ला. अंदाज करता येत नाही असं सिद्ध करणाऱ्याला नोबेल, आणि त्याच्या नोबेलचा अचूक अंदाज करणारीला त्यातलं अर्धं! मी ही हकीगत मोठ्या कौतुकाने घरी सांगितली. सौ. पोळ्या लाटत होती. म्हणाली, "उरलेलं अर्धं त्यांच्याकडे कशाला ठेवलं?"

लुकाससाहेब सायखेड्याला कधी आले नाहीत. पण ते जे म्हणाले ते इथे रोज सकाळी लिलावात दिसतं. नियम येणार अशी नुसती कुणकुण लागली, की काही जण चाळ रिकामी करायला धावतात. त्या गर्दीने भाव नियम यायच्या आधीच पडतो. काही जण म्हणतात, पडलाय तर थांबू; माल येईनासा होतो आणि भाव चढतो. कोणी म्हणतो औंदा कांदाच नको, मका लावू. त्याचा परिणाम पुढच्या वर्षी शहरातल्या भाजीवाल्याकडे कळतो. मग तिथे कांदा महागला म्हणून नवा नियम.

२०२३ च्या हिवाळ्यात ज्याचं उळं पडलं, त्या एका उन्हाळ कांद्याची कुंडली मी मांडून ठेवली आहे. नोव्हेंबरात वाफ्यात रोप उगवत होतं, तेव्हा निर्यातीवर ४० टक्के शुल्क होतं आणि टनाला ८०० डॉलर किमान मूल्य होतं. शुल्क ऑगस्टपासूनचं, मूल्य ऑक्टोबरअखेरचं. रोप लावणीला येईपर्यंत, ८ डिसेंबरला, बंदी आली. मुदत ३१ मार्च २०२४. शेतकऱ्याने हिशेब केला, की आपला कांदा निघेल तेव्हा मुदत संपलेली असेल. हिशेब बरोबर होता. काढणी तोंडावर आली आणि बंदी 'पुढील आदेशापर्यंत' लांबली. कांदा चाळीत जात होता तेव्हा, ४ मे ला, ती उठली. पण ४० टक्के आणि ५५० डॉलर तेवढे उरले. १३ सप्टेंबरला डॉलर गेले आणि टक्के निम्मे झाले. तोवर चाळीतल्या कांद्याला कोंब यायची वेळ. उरलेलं २० टक्के शुल्क गेलं, पण १ एप्रिल २०२५ पासून. तारीख ऐकून पारावर निम्म्या लोकांनी तो विनोद समजला. भावही त्यानंतर काही उसळले नाहीत.

एका कांद्याच्या आयुष्यात एवढे ग्रहयोग! माणसाच्या आयुष्यात ह्याच्या निम्मे आले, तर ज्योतिषी शांत करायला सांगतो.

मधल्या काळात, २० मे २०२४ ला, दिंडोरी मतदारसंघात लोकसभेचं मतदान झालं. आमचा निफाड तालुका त्यातच. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या तिथल्या खासदार पराभूत झाल्या. दुसऱ्या दिवसापासून सगळे सांगू लागले, कांद्याने पाडलं. कांद्याने पाडलं असेलही. पण एकेका मतामागे काय काय असतं? कांदा असतो, जात असते, पक्षांची फाटाफूट असते, गावातलं जुनं भांडण असतं, ऊन असतं. त्यातली कांद्याची मतं वेगळी काढून मोजायची, तर गोणी पुन्हा उपसावी लागेल. कांद्याचा मतांवरचा परिणाम इतक्या छातीठोकपणे सांगणारी माणसं नियमाचा कांद्यावरचा परिणाम सांगताना मात्र 'इतर परिस्थिती'च्या मागे लपतात, एवढं मी पाहिलं.

आमच्याकडे पीककर्जाचं नवं-जुनं करायला एक आबा येतात. सत्तरी उलटलेली, चाळ एकच, मुलगा नाशकात कंपनीत. ते मला भाव कधीच विचारत नाहीत. आपल्या चाळीचे त्यांनी मनातल्या मनात तीन भाग केलेले आहेत. एक काढल्या काढल्या विकायचा, त्यात बँक. दुसरा पोळ्याच्या सुमारास, त्यात घर. तिसरा दिवाळीला. "त्यो देवाचा आन् दिल्लीचा," असं ते म्हणतात. कुठल्याही वर्षी सगळ्यांत चांगला भाव त्यांना मिळत नाही, आणि कुठल्याही वर्षी ते साफ बुडत नाहीत. ज्याला पुस्तकात जोखमीची विभागणी म्हणतात आणि जिच्यावर मी दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, ती आबांच्या चाळीत पाचटाखाली निवांत पडलेली असते.

मागे एकदा मी त्यांना म्हणालो, "आबा, तुम्ही कधी विचारत नाही, बंदी आली तर काय होईल म्हणून?"

"बंदीचं आम्ही पाहून घेऊ भाऊसाहेब," आबा म्हणाले. "पाऊस आला तरी पाहतोच ना. भाव कमी असला तर कमी धरून चालतो माणूस. कांदा लावायचा का मका, तवाच ठरवतो. पण लावताना एक आन् काढताना दुसरंच, ह्याला काय करावं? मला भाव नका सांगू. हा नियम किती दिवसाचा, तेवढं सांगा."

मी काही बोललो नाही. आबांनी अंगठ्याला लागलेली शाई धोतराला पुसली आणि पासबुक पिशवीत घातलं. जाता जाता म्हणाले, "सरकार आमचा अंदाज घेऊ राहिलं, आन् आम्ही सरकारचा. मधल्या मधी कांदा सडू राहिला."

नियमाचे आर्थिक परिणाम ह्या विषयावर ह्याहून चांगलं मी काही वाचलेलं नाही. फक्त आमच्या तक्त्यात अशा वाक्याला रकाना नसतो. यंदाचा तक्ता भरताना मी ते पेन्सिलीने 'इतर'समोर लिहून ठेवलं आहे.